खोटी उकळी

पहाटे अडीचला च्यायीच्या या गल्लीत दोनच दिवे असतात:
एक आमच्या दुकानाचा, एक समोरच्या दवाखान्याचा.
सोयाबीन रात्रभर भिजून दुप्पट झालेलं असतं.
चिमटीत धरलं की साल सुटते, दाणा दुभंगतो.
डाळिंबी आतून सपाट हवी. मधे खळगा दिसला
तर अजून तासभर थांबायचं.
घाई माणसांना असते, दाण्याला नसते.

हे सगळं सांगतेय, शिन-रौ, कारण काल तू ओरडलीस,
"मावशी, वर आलं! गॅस बंद करू?"

फेस तपेल्याच्या काठाशी आला होता.
तुला वाटलं, झालं.
सगळ्यांनाच वाटतं.
ही खोटी उकळी.
ऐंशीच्या पुढेमागे सोयाचं दूध असंच चढतं,
फुरफुरतं, झाकण उडवतं, केवढा आव आणतं,
आणि आत कच्चंच असतं.
याला भुलून ज्यानं पेला भरला
त्याचं पोट त्याला दुपारपर्यंत माफ करत नाही.
आच कमी कर. पळीनं फेस मोड.
ढवळत राहा, तळाला लागू देऊ नकोस.
मग ते खाली बसतं, गप्प होतं,
आणि त्या गप्पपणातून वर येतात
मोठे, सावकाश बुडबुडे.
तिथून दहा मिनिटं मोज.

बाबांनी मला मिनिटं नाही शिकवली.
पळीच शिकवली, हाताच्या पाठीवर.
तुझ्या आईला दोनदा.

तू उट्रेख्टहून आलीस ती सहा खोकी घेऊन.
चष्मा लावून मी पाठीमागची बारीक अक्षरं तुझ्याकडून वाचून घेतली:
तेल, मीठ, डिंक, आणखी कसलासा डिंक,
बदामाच्या दुधात बदाम शेकडा दोन.
म्हटलं, बदाम यातून नुसते पोहून गेलेत.
ओटचं मात्र आवडलं मला.
पेजेचं चुलतभावंड वाटलं,
परदेशात शिकून आलेलं.

आणि मग तू तुझ्या कॉफीत आमचं दूध ओतलंस
आणि ते फाटलं.
केवढी ओशाळलीस!
अगं, आमच्याकडे मुद्दाम फाडतात.
वाडग्यात व्हिनेगर, सुकी कोळंबी, पातीचा कांदा,
वरून उकळतं दूध, उंचावरून, एका दमात.
पोस्टातून निवृत्त झालेले कोऊ काका
चाळीस वर्षं हेच फाटलेलं खाताहेत
आणि अजून सायकलवरून येतात.

तरी तू हट्ट सोडला नाहीस.
कॉफी जरा निवू दिलीस,
दूध वेगळं कोमट केलंस,
आधी दूध, मग त्यावर कॉफी, धार बारीक.
तेच दूध. तीच कॉफी.
क्रम बदलला आणि राहिली दोघं एका पेल्यात.
मी काही बोलले नाही. पेला धुतला.

उतू नये, मातू नये,
एवढं आम्हा दोघी बहिणींनाही ठाऊक होतं.
तरी त्या रात्री चढलोच काठापर्यंत:
बाबांचं दुकान, कोणाचा किती हिस्सा,
आजारपणात कोण जागलं, कोण नाही.
दोन ताटल्या फुटल्या.
मला वाटलं, उकळलं, संपलं.
मी गॅस बंद केला.
तिनं विमान पकडलं.
एकोणीस वर्षं झाली.

चोथा बाजूला ठेव, तो कोंबड्यांचा.
ती बघ, साय धरतेय.
काडी मधोमध घाल, अलगद उचल,
ओल्या रुमालासारखी येईल.
पहिली गिऱ्हाइकाची असते, पण आज तू खा.
दुसरी दोरीवर वाळत घालू.
जाताना कागदात गुंडाळून ने.
आईला काही सांगू नकोस,
माझा निरोप वगैरे तर मुळीच नाही.
गरम पाण्यात टाकेल,
वास येईल,
मग तिचं ती बघेल.

शटर अर्धं वर कर.
सायकलची घंटा वाजली.