पाठीखालून

सगळ्यांनी तंबू आणले होते,
इतवारीतून, भाड्याचे.
आत अजून कोणाच्या तरी मच्छर-अगरबत्तीचा वास.
मी आणली झोळी,
डब्याच्या पिशवीत मावलेली.
निनावे म्हणाला, "मॅडम, वटवाघूळ का काय तुम्ही?"
शेंडे सिस्टर म्हणाल्या, "या वयात?"
वय बावन्न.

देवलापारच्या पुढे मुरूम असा कडक
की खुंटी ठोकता ठोकता
दगडच फुटला निनावेच्या हातातला.
मी तोवर झाडं बघत हिंडले,
स्थळं बघावीत तशी :
हे वाकडं, हे आतून पोकळ,
याच्या अंगाला मुंग्या.

सुकलाल उईके लांबून बघत होता,
ओठात न पेटवलेली बिडी.
"मोहाले नोका बांधू, बाई.
रातच्यानं अस्वल येते फुलं खाले,
पहाटे आमच्या बाया येतेत.
दोघायलेही तुमची अडचण."
मग त्यानंच दाखवले :
हा ऐन, तो साग,
मधात पाच पावलं.
"जवळ असले त मधातला माणूस मुडपते.
दूर असले त दोरी ताणते,
झोप नाही लागत."
तो झाडांबद्दलच बोलत होता.
मला उगाच नंदनवन कॉलनीतलं घर आठवलं,
आई या खोलीत, बाबा त्या,
आणि मधल्या पॅसेजमध्ये माझी खाट.

झोळीत सरळ झोपायचं नसतं.
सरळ झोपलं की माणसाचं केळं होतं.
तिरपं व्हायचं,
डोकं इकडच्या काठाला, पाय तिकडच्या,
मग कापड आपोआप सपाट होतं पाठीखाली.
मेयोत सत्तावीस वर्षं एक्स-रे काढते मी.
किती कणे धरले उजेडासमोर,
हमालांचे, धुणीवाल्यांचे,
पण माझा मला
आज पहिल्यांदा लागला हाताला,
मणी मणी.

दहाला तंबूंच्या चेनी लागल्या,
सर्र. सर्र.
आतले मोबाइल विझले.
वर सागाचे पानं गळालेले शेंडे,
आभाळाला गेलेल्या केसाएवढ्या भेगा,
ज्या दाखवून डॉक्टर म्हणतात, काही नाही, भरेल.
कुठंतरी मोह पडत होता.
टप.
बराच वेळ काही नाही.
टप.

थंडी वरून येते असं वाटायचं.
ती खालून येते.
अडीचला कमरेत शिरली.
रविवारचा पेपर सरकवला अंगाखाली,
वधू पाहिजे, वर पाहिजे, सगळ्यांसकट,
आणि ऊब धरतेय तोच

पाचोळा वाजला.

थांबला.
पुन्हा वाजला, जवळ.
तंबूला वळसा घालून आलेलं काहीतरी
माझ्याकडे येत होतं,
आणि मला वळसा घालायची त्याला गरज नव्हती.
जमीन मोकळीच होती.

श्वास घ्या. रोखा.
दिवसातून शंभरदा म्हणते मी हे
काचेआडून, भिंतीआडून,
कधी समोरच्याच्या तोंडाकडे न बघता.
रोखा.
हलू नका.

ते गेलं.
माझ्या पाठीखालून गेलं,
हातभर अंतरावरून,
खुळखुळ असा बारीक आवाज करत,
कुणी किल्ल्या घेऊन चालावं तसा.
वधू-वरांचा कागदसुद्धा कुरकुरला नाही.

सोडा, असं कुणी म्हणालं नाही.
मी केव्हा सोडला, ठाऊक नाही.

सकाळी निनावेची मान आखडलेली.
सिस्टरांच्या बरगडीत रात्रभर दगड.
"झोपलात का हो?" त्यांनी विचारलं.
"नाही," म्हटलं,
आणि चहाचा दुसरा कप मागितला.

सुकलाल झोळीखाली उकिडवा बसला,
पाचोळ्यातून काहीतरी उचललं,
काळं-पांढरं, वीतभर, टोकदार.
साळिंदराचा काटा.
माझ्याकडे बघितलं, ओळख पटल्यासारखं.
"मंग," तो म्हणाला,
आणि इतक्या तासांनी बिडी पेटवली.

काटा आता एक्स-रे रूममध्ये,
पेनांच्या डब्यात.
परवा एका पोरानं विचारलं, हे कशाचं हाड?
मी म्हटलं, इकडं नको बघू, पालथा झोप.
श्वास घे.
आणि खूप दिवसांनी
मशीन लावायच्या आधी
मीही घेतला.