तोंड आलं

ताप उतरला शनिवारी. खोकला मागे राहिला,
पाहुणे गेल्यावर ओटीवर एखादी चप्पल राहते तसा.
रविवारी चहाचा पहिला घोट घेतला
आणि बशी खाली ठेवून नुसती बसले.
जिभेच्या कडेला एक, ओठाच्या आत दोन,
गालाला किती ते जिभेनंच मोजलं,
मग मोजणं सोडलं.

मार्गशीर्षात अख्खी पाजपंढरी खोकत होती यंदा,
तांडेलापासून बर्फ फोडणाऱ्या पोरापर्यंत.
होड्या काळोखात बाहेर पडायच्या तेव्हा
इंजिन कुठलं नि माणूस कुठला, कळू नये.
पण तोंड आलं ते माझंच.
हिचंच यायला हवं होतं, म्हणाले असतील चार जण.
म्हणू देत.
नवरा म्हणाला, आलं कसलं, गेलं म्हण,
आणि रेडिओ लावला. घरात जागा झाली होती ना आवाजाला.

तीस वर्षं हर्णैच्या वाळूवर मी बोली लावते.
आठशे, साडेआठशे, कोण बोलतो, नऊशे,
कोल्हापूरचा ट्रकवाला असो की दापोलीचा हॉटेलवाला,
माझा आवाज चढला की त्याचा हात खिशात जायचा.
या तोंडानं मी दोन भांडणं मिटवली,
वीस लावली.

डॉक्टरीणबाईंनी आत बॅटरी मारली.
"आ करा. अजून. आवाज नको, नुसतं आ."
आवाजाशिवाय आ जन्मात केला नव्हता.
"व्हायरल आहे. सर्दीतापाच्या मागून येतात कधी असे फोड.
आपसूक जातील. तिखट नको, आंबट नको,
मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा."
मीठ!
जिच्या पदराला मीठ, भिंतीला मीठ,
नवऱ्याच्या मिशीलासुद्धा,
तिला.
हसू आलं. तेही दुखलं.

आगळ नको, सुकटीची चटणी नको, कालवण तर नकोच,
उरली पेज. निवलेली, अळणी.
शेजारची जुलेखा जाईचा पाला घेऊन आली,
"चाव आणि थुंक." चावला. थुंकला.
खडकाला कालवं धरतात तशी गालाला आतून धरली होती,
पांढरी, धारेची,
जिभेनं जाऊ नये आणि गेल्याशिवाय राहू नये.

हेमांगी पेज घेऊन समोर बसायची.
सात वर्षांत सून माझ्यापुढे कधी बसली नव्हती,
उभीच असायची, कारण मी बोलत असायचे.
आता ती बोलायला लागली.
आधी गॅसच्या नळीचं, मग जाळ्याच्या हप्त्याचं.
मग एकदा, चमचा वाटीत फिरवत,
पाचव्या महिन्यात गेलं त्या पोराचं.
तेव्हा मी दारात उभी राहून एक शब्द बोलले होते,
सगळ्यांदेखत.
तिनं तो जसाच्या तसा सांगितला,
माझ्याच सुरात.
रडली नाही. पेजेवर साय धरत होती.
मला काही म्हणायचं होतं. तोंड उघडलं,
लाळच आली नुसती.
तिनं ती माझ्याच पदरानं पुसली
आणि वाटी विसळायला गेली.

आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते.
ओहोटीला आलेली होडी आत शिरत नाही,
दिवा लावून बाहेर थांबते.
आतल्यांना दिवा दिसतो. एवढंच.

दहाव्या दिवशी सोलकढी प्यायले. झोंबली नाही.
संध्याकाळी लिलावाला गेले, आवाज लागला,
थोडा घोगरा, पण लागला.
बाजूला हेमांगी, वही घेऊन.
आता काही नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
डागसुद्धा राहत नाही याचा.
जीभ मात्र जाते.
साडेआठशे आणि नऊशेच्या मधे
गालाच्या त्याच कोपऱ्यात जाऊन चाचपत राहते,
आणि गर्दीतून कुणीतरी ओरडतं,
"बाय, पुढे बोल की!"