एक पूर्णांक तीन

रात्री साडेनऊला शेवटचा पेशंट.
हिताक्षी बोंडे, वय सहा, गाव विवरा, तालुका रावेर.
फॉर्मवर डॉक्टरांनी लिहिलेलं : कातडी, पाय, उशिरा बोलणं,
आणि पुढे प्रश्नचिन्ह, इतकं दाबून
की पेन कागदाच्या पार गेलेलं.

जळगावात बाहेर अजून अडतीस.
माझ्या खोलीत अठरा. मशीनला थंडी मानवते.

आईनं अंगावरचं सगळं उतरवलं,
पोरीचा करदोटा मात्र सुटेना.
बाहेरच्या टेबलावर मीच कात्रीनं कापला.
त्यात तांब्याचा ताईत होता, कुणीतरी मंतरलेला.
ठेवला ट्रेमध्ये, बापाच्या मोटरसायकलच्या चावीशेजारी.

औषधानं पोरगी झोपली,
पण बोटं झोपली नाहीत, खाजवतच राहिली.
पायांची कात्री. नखांत तिचीच भुकटी.
"रोज चोयते दादा, सकाय-संध्याकाय,
शेंगदाण्याचं तेल.
जिरत नाही, टिकत नाही.
कुठी जातं, कोन जाने."

मशीन सुरू झालं,
पाणी तुटलेल्या बोअरची मोटार जशी
रिकामीच ओढत राहते, तसं.
कानात कापूस घालून आई आत बसली,
एक पाऊल धरून.

पडद्यावर मेंदू आला.
पोकळ्यांच्या कडेनं पांढरं,
इतकं असू नये तिथं.
त्या पांढऱ्यावर मी एक चौकोन ठेवला
आणि विचारलं, यात काय काय आहे?
रेघ उमटली.
नेहमीच्या टेकड्या आपापल्या जागी,
आणि उजवीकडे, एक पूर्णांक तीनवर,
एकटा सुळका.
पुस्तकात पाहिला होता, परीक्षेपुरता.
चरबीचा.

तिनं चोळलेलं तेल नव्हे ते, मला कळतं.
मोडायचं ते मोडलं नाही, म्हणून साठत गेलेलं.
पण रात्री दहाला माणूस
शास्त्राला धरूनच विचार करतो असं नाही.

एक रकाना राहिला होता. बापाला विचारलं :
लग्नाआधी नात्यातले का?
"मामाचीच केली. घरातल्या घरात, बरं असतं."
मी 'हो' टाइप केलं.
माझीही मामाचीच.
सध्या शहाद्याला, माहेरी. सातवा महिना.
जेवलात का, म्हणून मेसेज आलेला.
वाचला. फोन पालथा ठेवला.

"काही दिसलं का, दादा?"
रिपोर्ट डॉक्टर सांगतील, मी म्हणालो.
हे वाक्य आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

बाकावर तिनं पिशवीतून बाटली काढली,
तळव्यावर तेल घेतलं,
आणि झोपलेल्या पोटऱ्यांना सुरुवात केली.
बाप तुटलेल्या करदोट्याला गाठ मारत होता.
गाठ बसत नव्हती, दोरा आखूड पडलेला.

ते गेले.
गादीवर छोट्या टाचेचा तेलकट ठसा राहिला होता.
पुसायला स्पिरिट घेतलं,
आणि आधी
माझ्याच मनगटावरून अंगठा फिरवला.
दोनदा.