मालकाचा रकाना

शॉप अ‍ॅक्टच्या अर्जात मालकाच्या नावाला
एकच रकाना.
मुकुंदने पेन उघडलं, पुन्हा टोपण लावलं,
म्हणाला, तूच लिही, तुझं अक्षर बरं आहे.

सोळा वर्षं तो सातपूरला, स्विचगिअरच्या कंपनीत.
एका सोमवारी गेटवर नोटीस लागली
आणि डबा तसाच परत आला.
भेंडीची भाजी होती.
रात्री आम्ही तीच खाल्ली.

मी तेव्हा पवननगरच्या पतसंस्थेत पासबुकं छापायचे.
प्रिंटर अडकला की पुण्याहून माणूस यायचा चार दिवसांनी,
तोवर खातेदार माझ्यावर डाफरायचे.
एका शनिवारी उघडलंच झाकण.
आत स्टेपलरची पिन,
तांदळातल्या खड्याएवढी.
साहेब ओरडले, शिरोडेबाई, हात लावू नका!
तोवर पासबुक बाहेर आलं होतं.

घरी हे सांगितलं तर हसला,
त्या महिन्यात पहिल्यांदा.
रविवारी भद्रकालीतून आठशेला
एक मेलेला सीपीयू घेऊन आला.
चटईवर उघडला, कुठली वायर कुठे
ते लेकीच्या नेलपॉलिशने रंगवून ठेवलं.
त्याला करंट कळायचा, मला पडद्यावरचं इंग्रजी.
तो म्हणायचा, व्होल्टेज येतंय.
मी म्हणायचे, फाइल सापडत नाही.
दोघांचंही खरं,
मशीन मात्र बंद.

मग स्कूटर. मागे मी,
मांडीवर कुणाचा तरी सीपीयू, गोधडीत गुंडाळलेला.
द्वारकेच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई म्हणाली,
ताप आहे का बाळाला?
मी म्हटलं, हो.
मुकुंदचे खांदे इंदिरानगर येईस्तोवर हलत होते.

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये रात्री दोनला लेबलं छापेनात,
पहाटे कंटेनर निघायचा.
पॉवर सप्लायमध्ये पाल निघाली, जळून कागद झालेली.
पैसे मिळाले नाहीत, चार पेट्या द्राक्षं मिळाली.
आठ दिवस सगळ्या बिल्डिंगला वाटली,
तरी उरली ती वाळवली,
लाइटबिल मात्र मनुक्यांनी भरता येत नाही.
त्यावरून आम्ही भांडलो. चांगलेच.

पंचवटीतल्या गुरुजींचं काम वेगळं.
यजमानांच्या वह्या पुतण्याने स्कॅन करून ठेवल्या होत्या
आणि डिस्क टकटक करत होती,
बंद दारामागून कोणी वाजवावं तशी.
तीन रात्री घालवल्या. काही हाती लागलं नाही.
मुकुंद त्यांच्या ओट्यावर नुसताच उभा.
मीच म्हटलं, गुरुजी, गेलं. पैसे नकोत.
ते पान लावत होते. म्हणाले,
दोघंजण येऊन गेले, दोघंही म्हणाले होईल होईल.
वही आहे की माझी, लाल फडक्यात.
गाव कोणतं तुमचं?

नामपूर म्हटल्यावर आत गेले.
धूळ झटकली, पानं उलटली, बोट थांबलं.
मुकुंदच्या पणजोबांची सही, मोडीत,
आणि समासाच्या कडेला, ओळ संपता संपता,
बारीक, दाटीवाटीने:
भार्या गोदावरी.

जाताना त्यांनी शेजारच्या लॉजचा पत्ता दिला,
सात कॉम्प्युटर, सगळे आजारी.
गाळ्याचं डिपॉझिट त्यातूनच निघालं.

तर तो रकाना.
मुकुंद शिरोडे लिहिलं. मग त्याच चौकटीत,
अक्षर बारीक न करता, शैलजा शिरोडे.
ती अर्थातच चौकटीबाहेर गेली.
कारकून म्हणाला, बाई, एकच नाव टाका,
नाहीतर भागीदारीचे कागद करून आणा.
मुकुंद म्हणाला, करून आणतो.
बाराशे रुपये लागले, दोन खेपा झाल्या,
फोटोत त्याने डोळे मिटलेत.

पाटी अजून रंगवायची आहे.
पेंटर विचारत होता काय लिहू,
तेवढ्यात फोन वाजला:
मॅडम, स्क्रीनवर काहीच दिसत नाही,
सकाळपासून सगळं करून बघितलं.
मी म्हटलं, भिंतीतलं बटण चालू आहे?
तिकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.