पंजा

जिनिंगच्या आवारातलं हे सिमेंटचं अंगण
आधी कापसासाठी होतं.
प्रेस बंद पडली तेव्हा निमसरकार सरांनी
दोन टोकांना दोन खांब गाडले.
रिंगा हनीफ वेल्डरने वाकवल्या,
पूर्वेकडची जराशी लंबगोल.
तिकडे टाकलेला बॉल
देवळीत अजून नशिबावर सोडतात.

आम्ही सहा जण उरलो.
वय विचारू नका, गुडघे विचारा.
टेंभुर्णेचा डावा, कुळसंगेचे दोन्ही.
ढोबळे कंपाउंडर सगळ्यांना पट्टे बांधून देतो,
पैसे मागत नाही, फक्त
प्रत्येक गाठीला एक सल्ला देतो.
साडेपाचला येतो आम्ही, कारण मार्च लागला
की आठ वाजता हेच सिमेंट बुटातून चावतं.
पहिली दहा मिनिटं नुसतं वाकणं.
कोणाचं हाड वाजलं की कुळसंगे म्हणतो,
"झाली बे जिनिंग सुरू."

मी लाइनमन.
उंची हा माझा पगार.
ब्याण्णवच्या पोळ्याला
बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट
सरांनी पत्र्याच्या बोर्डावरच्या चौकोनाला दिला.
"ओला आहे," म्हणाले, "हात लावू नका."
मी त्यातलं ओला आहे एवढंच ऐकलं.
तीन पावलं,
आणि चौकोनाच्या खालच्या रेघेवर
उजवा पंजा, पाचही बोटं.
सर छडी घेऊन आले,
वर बघत राहिले,
छडीनं स्वतःच्याच पाठीला खाजवलं
आणि निघून गेले.

त्यानंतर दोनदा रंग दिला बोर्डाला.
दोन्ही वेळा पंजा सोडून.

आता मी उडतो तेव्हा
ढोबळे खाली बघतो.
"पायाखालून सातबारा जाईल," म्हणतो,
"त्याची फाइल नाही जाणार."

उडी कधी गेली ते सांगता येत नाही.
लाइट जाते तशी नाही गेली.
व्होल्टेज उतरतं तशी गेली :
आधी पंखा हळू वाटतो,
आपण म्हणतो, उकाडाच जास्त आहे.

पोलिसभरतीची तयारी करणारी रोशनी उइके
आठ-पंधरा दिवसांपासून आमच्यात खेळते.
पाचवर पाच पोरं जमत नाहीत म्हणून,
आणि आम्ही शिव्या कमी देतो म्हणून.
तिनं त्या दिवशी बोर्डाकडे बोट दाखवलं.
"काका, हा कोणाचा?"
कोणीच बोललं नाही.
टेंभुर्णे लेस बांधायला बसला,
त्याच्या बुटाला लेस नाही.

रविवारी मी खात्याची शिडी आणली,
जाळी बांधायची म्हणून.
जाळी खरंच आणली होती, नायलॉनची, हिरवी.
वर गेलो. खिशातला टेप सोडला खाली.
नऊ फूट चार इंच.
पुन्हा मोजलं. खालून टेंभुर्णेनं टोक दाबून धरलं होतं,
त्याला आकडा दिसत नव्हता,
त्याला आता जवळचंही नीट दिसत नाही.

आठ इंच.
तीस वर्षं आठ इंच माझ्या नावावर
कोणीतरी चुकून चढवले होते.

मग हात ठेवला पंजावर.
चार बोटं बसली.
करंगळी बाहेर राहिली.
दोन हजार नऊमध्ये मोरगावच्या फीडरवर
मोडली होती, तेव्हापासून तिची वाट वेगळी.

"किती भरली बे?" कुळसंगे खालून.
"दहा," मी म्हणालो.
"बरोब्बर?"
"एक सूतही कमी नाही."
जाळीची शेवटची गाठ मारायला
जरा जास्तच वेळ लागला मला.

खाली आलो. खेळ सुरू.
मला पास मिळाला कोपऱ्यात,
जागचा हललो नाही, नुसतं मनगट.
बॉल पत्र्याला लागला, लंबगोल रिंगेवर
एक फेरी, दुसरी,
घरी जावं की न जावं अशा पाहुण्यासारखा.
रोशनी रिंगेखाली उभी, हात वर,
पडला नाही तर घ्यायला.
आम्ही सहाही जण
कमरेवर हात ठेवून
धापा टाकत बघत होतो.