घसारा

विमा कंपनीचा फॉर्म चार पानी.
फीत आणि वही घेऊन मी फेरीबोटीतून उतरलो.
चर्च कुठे, विचारावे लागले नाही.

भिंत जांभ्याची, दोन हात जाड. चुना यंदाचा.
छप्पर मंगळुरी कौलांचे.
खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या,
त्यांतल्या नऊ गळालेल्या.
इथवर सोपे होते.

पुढचा रकाना : वास्तूचा उपयोग.
मी लिहिले, प्रार्थना.
काशियान, इथला साक्रिस्तांव, माझ्या खांद्यावरून वाचत होता.
"सायबा, ती तासाभराची," म्हणाला,
"उरलेल्या दिवसाचे काय?"

आणि चाव्यांचा जुडगा वाजवत मला हिंडवू लागला,
जणू मी जागा भाड्याने घ्यायला आलोय.

कपाटात बाप्तिस्म्याची पुस्तके, कडा वाळवीने खाल्लेल्या.
"ही ओळ इश्पेरांसच्या नवऱ्याची.
ह्या एका ओळीवर तिचे तीन नातू
लिस्बनवरून लंडनला गेले."
खिडकीतून तिच्या घराचा नवा मजला दिसत होता,
पोपटी रंग अजून ओला.

कॉयरच्या माडीवर व्हायोलिन, एक तार तुटलेली.
तिच्यावर शिकलेला पोर आता जहाजावर वाजवतो,
रात्री जेवणाऱ्या लोकांसाठी, डॉलरमध्ये.
मागच्या सभागृहात मतदान, पोलिओचा डोस,
पंचायतीची भांडणेसुद्धा,
कारण पंचायतीत पंखे नाहीत.
नदी चढली त्या रात्री एकवीस घरे इथे झोपली.
एका म्हातारीने कुंडीतली तुळस काखोटीला मारून आणली होती.
काशियानने ती पूर्वेच्या दाराशी ठेवली,
सकाळचे ऊन लागेल म्हणून.

मी लिहीत होतो. रकाना संपला,
मी समासात लिहू लागलो :
बाराची घंटा झाली की धक्क्यावर बांगड्याचा भाव उतरतो.
फेस्ताच्या आठवड्यात मोनू खाजेकार वर्षाचे भाडे काढतो.
देवू केंकऱ्याच्या उधारीच्या वहीत तारखा नाहीत,
नावापुढे नुसते, फेस्तापर्यंत.

मग घसारा.
मी पायऱ्यांवर वाकलो, फीत धरली.
मधोमध दोन बोटे झीज, येणाऱ्याजाणाऱ्यांची.
पण डावीकडे, पार कडेला,
जिथून आत कुणी जात नाही,
तिथेही एक खोलगट जागा, गुळगुळीत.

काशियानला मी सांगितले नाही.
फेस्ताच्या नऊ दिवसांत फोंड्याहून पहिल्या बसने
माझी आई तिथे बसायची, अबोलीच्या वळेसरांची टोपली घेऊन.
आत काय आहे ते तिने कधी पाहिले नाही.
विचारले तर म्हणायची, सावली आहे.
माझ्या डिप्लोम्याची दुसऱ्या वर्षाची फी
चिल्लर होती. कारकुनाने दोनदा मोजली.

मी फीत गुंडाळली.
जमीन, जांभा, लाकूड, कौले, वजा घसारा :
बेरीज आली. फॉर्मला बेरीज लागतेच.
काशियानने आकडा पाहिला, हप्ता पाहिला,
चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"बरें," म्हणाला. "तुमची कंपनी
फेस्तापर्यंत थांबेल?"

एवढ्यात बारा वाजायला आले
आणि तो दोराकडे धावला.
मी धक्क्याकडे निघालो,
रिकामी पिशवी होती जवळ.