दाद

सकाळी पावणेसात. तुर्कूत अजून रात्रच आहे.
इन्क्युबेटरचं दार उघडते, ऊब अंगावर येते,
मेंढीच्या रक्ताचा वास, त्यात थोडा
विरजण लागलेल्या दुधाचा.
थाळी क्रमांक एकोणीस. अक्षर माझंच, कालचं:
तोनू रायद्मा, सत्तेचाळीस, वेल्डर, जहाजगोदी.
याहून जास्त तो मला माहीत नाही.
मी माणसं बघत नाही.
माणसांत काय उगवलं ते बघते.

उगवलंय भरपूर.
हिरवट, ओलसर, मधोमध खळी पडलेल्या
बारीक सोंगट्या लाल पटावर.
भिंगाखाली जोड्या, लग्नाला निघाल्यासारख्या,
अंगात साखरेचा अंगरखा,
इतका गुळगुळीत की रक्तातल्या पहारेकऱ्यांच्या
हातून निसटतात, ओल्या साबणासारख्या.

काल थाळीवर औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या.
चकतीभोवती मोकळी जागा पडायला हवी,
हेडमास्तर आले की व्हरांडा मोकळा होतो तशी.
जरब म्हणतात ती.
पेनिसिलिनच्या घराण्यातल्या चकतीभोवती
जरब नाहीच.
सोंगट्या तिला खेटून, कडेला नाक लावून बसल्यात.
दाद देत नाहीत.

मला हे काम शिकवणारी ऐरा म्हणायची,
अशी थाळी दिसली तर फोन कर,
बर्फ असला तरी चालत येईन बघायला.
ऐरा गेली. आता कुणी चालत येत नाही.
आता त्यासाठी एक रकाना असतो.

वॉर्डात फोन लावते. औषध बदला, म्हणते.
पलीकडे ऑक्सिजनची फुसफुस,
मग डॉक्टर हळूच: म्हणजे दोन रात्री
आम्ही बंद दारावर थापा मारत होतो.
आणि सांगते, त्याच्या पिशवीत सापडली
भावजयीच्या घशासाठी आणलेली पट्टी,
पाच गोळ्या उरलेल्या, तीन खाल्लेल्या.
उरलेलं टाकवत नाही ना माणसाला,
अन्न असो की गोळी.
माझ्याही खणात दोन आहेत, कुठल्याशा हिवाळ्यातल्या.

तो ज्या जहाजावर होता
त्यात म्हणे अकरा पोहण्याचे तलाव होणार आहेत.
आत्ता पोटात धूर आहे. लोखंडाचा.
तो छातीत उतरतो आणि दार किलकिलं ठेवतो.
एका भाड्याच्या घरात आठ जण, चहाचे मग पाच.

शुक्रवारी गोदीच्या फाटकापाशी तंबू पडला.
मी गेले. का, ते माहीत नाही, सुट्टी होती.
वेल्डर रांगेत, बाही वर करून,
दंडांवर ठिणग्यांचे जुने डाग, शिंपडल्यासारखे.
नर्स बोटाने चाचपत होती,
दोन डागांमधली कोरी कातडी.
एकजण म्हणाला, लस तर पोरांची असते.
ती म्हणाली, छाती पोरांनाच असते का?
मग खरं तेही सांगितलं: सगळे अंगरखे
यात नाहीत. पण जे वारंवार दार ठोठावतात
त्यांची कापडं रक्ताला आधीच दाखवून ठेवते.
आणि जे आजारीच पडले नाहीत
त्यांना औषध लागत नाही.
म्हणजे औषधालाही थोडा विसावा.

घरी यॉर्मा. वय अडुसष्ट.
फ्रीजवर चुंबकाखाली त्याच्या नावचं पत्र,
एप्रिलपासून. मला शिंकसुद्धा येत नाही, म्हणतो.
मी वाद घातला नाही.
बशीत लिंगनबेरी ओतल्या, मधोमध
एक नाणं ठेवलं. म्हटलं,
याच्याभोवती मोकळं हवं होतं.
तो बघत राहिला. मग जाड बोटाने
एकेक बेरी नाण्यापासून लांब सारली.
असं?
असं. पण तिथे आत बोट पोचत नाही.

त्याने काही न बोलता बशी धुतली.
सकाळी फ्रीजवर
नुसतं चुंबक होतं.